पेडलखालचा पाय

माझं दुकान अनगोळहून वडगावला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गाड्यांच्या वायरिंगचं. पुढं एक पिंपळ, शेजारी सायकलवाल्याची टपरी, आणि पाटी दोन भाषांत, कारण एकाच भाषेत ठेवली तर आमच्या गावात कुणाला ना कुणाला ती खुपतेच. माझं नाव राजकुमार, वय सत्तेचाळीस. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि जे सांगणार आहे ते घडून गेल्यावरही तो बसलेला नाही. वायर तुटली की दिवा विझतो, जोडली की लागतो, एवढ्यावर माझं घर चाललं आहे.

एबीएस म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला सांगायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम होतात आणि गाडी घसरत जाते. एबीएस ते होऊ देत नाही. तो ब्रेक धरतो, सोडतो, धरतो, सोडतो, एका सेकंदात कितीतरी वेळा. ते करताना पेडल तुमच्या पायाला उलटं ढकलतं. घाबरू नका, पाय काढू नका. एवढं सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि जातो.

आता धंद्यातली एक गोष्ट, जी आजवर दुकानाबाहेर गेलेली नाही. चावी फिरवली की एबीएसचा पिवळा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. विझला नाही तर एबीएस बंद पडलेला आहे. कोल्हापूर, कागलकडच्या जुन्या गाड्या सीमा ओलांडून आमच्याकडं येतात. नंबर बदलून इकडचा घ्यायचा तर गाडी पासिंगला न्यावी लागते, आणि दिवा जळत असला तर अडचण येते. एबीएसचा नवा पंप महाग. मग दिवा झोपवायचा. त्याची वायर काढून बॅटरीच्या दिव्याला जोडायची. दोन्ही दिवे एकत्र लागतात, इंजिन चालू झालं की एकत्र विझतात, आणि बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. पंपाचा जोड मी उपटून ठेवायचो आणि त्यावर काळी टेप गुंडाळायचो. अशा नऊ गाड्या मी केल्या. त्यातल्या आठ गाड्या दलालांनी आणल्या होत्या. त्या गाड्या पुढं कुणी घेतल्या, त्या बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. नववी माझ्या दाजींची होती.

दाजी म्हणजे माझ्या सुवर्णाआक्काचे यजमान, तम्मण्णा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नुकतंच लग्न झालेल्या आक्कानं मला आपल्याबरोबर वडगावला, सासरी नेलं, आणि दाजी त्यावर एका शब्दानं बोलले नाहीत. उलट माझ्यासाठी पाटी-पेन्सिल तेच घेऊन आले. घरात हातमाग होता, खड्ड्यात पाय सोडून बसायचा. पुढं सगळ्या गल्लीनं पॉवरलूम आणले, आक्कानं हातमाग सोडला नाही. लहानपणी पडल्यामुळं तिचा डावा गुडघा अधू होता. मागाखालची डावी पट्टी तिला एका दमात दाबता यायची नाही. आधी अर्धी दाबायची, मग पुरती, आणि मग उजव्या पायानं उजवी, जोरात. टक, टक, धप. त्या आवाजावर मी झोपलो, त्याच आवाजावर पाढे पाठ केले. अख्ख्या वडगावात दुसरा कुठलाच माग तसा वाजत नव्हता.

दाजींनी कागलकडून जुनी गाडी घेतली आणि मोठ्या विश्वासानं माझ्या दारात आणून लावली. दिवा जळत होता. मी तो झोपवला आणि सेन्सर बदलला म्हणून सांगितलं. पासिंग होऊ दे, मग सावकाश पंप टाकू, असं मनात होतं. नंतर विसरलो, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी विसरलो नव्हतो. दर रविवारी आक्काकडं जेवायला जायचो, गाडी दारातच उभी असायची, आणि दर रविवारी मला पंप आठवायचा. पुढच्या रविवारी बघू म्हणत मी चौदा महिने काढले. कारण विचाराल तर आळस. दुसरं काहीही नाही.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात दाजी आणि आक्का साड्या पोचवायला निपाणीला निघाले होते. सकाळची वेळ, उसाचा हंगाम. तवंदी घाट उतरताना एका वळणापुढं उसाचा ट्रॅक्टर बंद पडून उभा होता, मागं दोन ट्रॉल्या. रस्त्यावर उसाचा पाला सांडलेला, त्यावर दंव. दाजींनी ब्रेक दाबला. चाकं जाम झाली आणि गाडी आडवी होत डाव्या अंगानं ट्रॉलीखाली गेली. दाजींना खरचटलंसुद्धा नाही. आक्का जागीच गेली.

तिसऱ्या दिवशी दाजी मला म्हणाले, "माझा पाय चुकला रं राजू. लई जोरात दाबलो." त्यानंतर दोन वर्षं ते हेच म्हणत आले, येणाऱ्या-जाणाऱ्याला, काही वेळा भिंतीलाही. मी तिथं बसून ऐकत होतो आणि खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं.

गाडी मोडीत काढा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. दाजींनी ऐकलं नाही. डावी बाजू नवी बसवून घेतली आणि तीच गाडी चालवू लागले. वायरिंग मीच केलं. पंप टाकायचा तर आधीचा का बंद होता हे सांगावं लागलं असतं, आणि दाजी शेजारी स्टूल टाकून बसले होते. मी जोड तसाच ठेवला.

या जानेवारीत अमृत आला. वडगावचाच, कोगनोळीच्या शाळेत मास्तर. त्यानं सांगितलं की तवंदी घाट उतरताना एका ठरावीक वळणावर जोरात ब्रेक लावला की खालून कोणीतरी पाय लावल्यासारखं होतं. मी माझं पाठ केलेलं सांगितलं, एबीएस आहे, घाबरू नका, पाय काढू नका. तो मान डोलावून गेला. नंतर चहा पिता पिता मला त्याच्या गाडीचा नंबर आठवला आणि मी कप खाली ठेवला. त्या गाडीचा एबीएस मीच झोपवला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून बॉनेट उघडलं. जोड निघालेलाच होता. टेप माझीच, तिच्यावर तीन वर्षांची धूळ, कुणाचं बोट लागलेलं नाही. ब्रेकची डिस्क वाकडी असली तर पेडल थरथरतं, पण ते प्रत्येक ब्रेकला. मी गेज लावून चारही चाकं तपासली. सगळी सरळ. पेडलला मागं ढकलेल असं काहीही त्या गाडीत चालू नव्हतं. अमृतला मी ऑइल बदलून दिलं आणि आता होणार नाही म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांत तो परत आला. पुन्हा झालं होतं, त्याच वळणावर.

फेब्रुवारीत मनिषा आली. निपाणीत नर्स आहे, तिशीतली, फार न बोलणारी. तिची गाडीही माझ्या त्या नऊ गाड्यांतलीच. घाटात अचानक म्हैस आडवी आली, तिनं ब्रेक दाबला, आणि गाडी जराही न घसरता सरळ थांबली. पण पेडल पायाखाली हलत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम त्याच जागी, मागं पुढं कोणी नाही बघून, ब्रेक दाबला. तिसऱ्या दिवशी चप्पल काढून दाबला. मी टेबलावरचा पाना उगाच इकडचा तिकडं ठेवला.

"अण्णा, खालनं ऊब लागली," ती म्हणाली. "मी रोज माणसांना हात लावतो. अंग कसं लागतंय, मला कळतंय."

मी तिची गाडी ठेवून घेतली आणि सकाळी अकराला एकटाच घाटाकडं निघालो. लख्ख ऊन होतं. हत्तरगीचा टोल, संकेश्वर, पुढं घाट. आरशात बघितलं, मागं कोणी नव्हतं. त्या वळणापुढं आक्का गेली ती जागा मला माहीत होती. तिथं मी ब्रेक सगळ्या ताकदीनं दाबला.

पेडल खाली गेलं आणि खालून ढकललं गेलं. हलकं. मग पुन्हा, जरा जास्त. मग जोरात. थांबून पुन्हा तसंच. यंत्र असं करत नाही. यंत्र एकसारखं गुरगुरतं. टक, टक, धप. टक, टक, धप.

गाडी रेघेसारखी सरळ थांबली. मागून एका ट्रकनं हॉर्न दिला तेव्हा पाय उचलला. घरी येऊन कोणालाही काही सांगितलं नाही. त्या रात्री भीती वाटली असं म्हणवत नाही. लाज वाटली. मी जे काम अर्धवट टाकलं होतं ते कोणीतरी पायानं करत होतं.

मग मी त्या आठही गाड्या शोधून काढल्या आणि प्रत्येकीत पंप टाकला. मालकांना सांगितलं की पार्टमध्ये दोष होता, बदलून देतोय. प्रत्येकाला नंतर फोन केला. पेडल आता गुरगुरतं, बाकी काही नाही, असं सगळे म्हणाले. मनिषानं एवढंच सांगितलं की पाय गार लागतो. राहिली दाजींची गाडी.

दाजींकडं मी दोनदा गेलो. गाडी द्या, ब्रेक बघून देतो म्हटलं. दोन्ही वेळा ते नको म्हणाले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ते पायरीवर बसून बूट घालत होते. निपाणीला दोन साड्या पोचवायच्या होत्या. तू चालव, जाता जाता बोलू, म्हणाले आणि डावीकडं, आक्काच्या जागेवर जाऊन बसले.

संकेश्वर मागं पडलं. घाट लागला. दाजींनी खिडकीची काच खाली केली. उसाचा आणि जळक्या पाल्याचा वास आत आला. सांगायचं तर आत्ता, असं मी मनाशी म्हणत होतो. साठच्या वेगानं ते वळण घेतलं.

पुढं ट्रॅक्टर उभा होता. मागं दोन ट्रॉल्या, चाकाखाली दगड.

मी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं नाही.

ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर गेला तर पेडल दगडासारखं होतं, हे मला माहीत आहे. हे दगडासारखं नव्हतं. मी जोर वाढवला तसा खालचा जोर वाढला. नेमका तेवढाच.

टक नाही, धप नाही. नुसता एक पाय, घट्ट रोवलेला.

मी गिअर खाली पाडला, हँडब्रेक ओढला. गाडी डावीकडं सरकू लागली. दाजी समोर बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"दाजी, तवा पंप बंद हुता," मी म्हणालो. "मीच काढून ठेवलतो. सेन्सर बदललोच न्हवतो. खोटं सांगितलो तुमास्नी."

पायाखाली काहीतरी ढिलं झालं. पेडल अर्धं खाली गेलं. चाकं धरू लागली.

"लावायचा इसरलो, दाजी. इसरलो."

पेडल तिथंच थांबलं.

मी सीटवरून उठून त्यावर उभा राहिलो म्हटलं तरी चालेल. एक केसभरही पुढं गेलं नाही. अर्ध्या ब्रेकवर, गिअरवर, हँडब्रेकवर गाडी घासत गेली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. बाहेर आलेली उसाची टोकं दाजींच्या खिडकीच्या काठाला टेकली होती. त्यांनी हात लांब केला असता तर ऊस मोडून घेता आला असता.

इंजिन बंद पडलं. ट्रॅक्टरवाला पलीकडं सावलीत भाकरी खात बसला होता, तो उठून बघू लागला. दाजी माझ्याकडं वळले.

"म्हंजे माझा पाय चुकला न्हवता?"

"न्हाय, दाजी."

त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. मोठा माणूस असा रडताना मी पाहिलेला नव्हता, आवाज न करता, अंग हलवत. मलाही आवरलं नाही. दोन वर्षं मी या माणसाला त्याच्याच घरात मरू दिलं होतं. थोडे शांत झाल्यावर त्यांनी सांगितलं की ते तिला रोज या गाडीत विचारायचे, माझा पाय चुकला का म्हणून. ती काही सांगायची नाही, नुसता पाय लावायची. म्हणून तर ते मला ब्रेकला हात लावू देत नव्हते. मला वाटलं होतं ते मला वेडा म्हणतील, आणि त्यांना वाटलं होतं मी त्यांना म्हणेन.

मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"इसरलास. माणूस इसरतंय रं राजू. मनाला लावून घिऊ नगो."

ती वेळ होती. मी तोंड उघडलंही होतं. पण त्यांचा हात गुडघ्यावर होता, त्यांचा चेहरा दोन वर्षांत पहिल्यांदा सैल झालेला होता, आणि मी म्हणालो, "व्हय, दाजी."

पुढच्याच दिवशी त्यांच्या गाडीत पंप टाकला. दाजी शेजारी स्टूल टाकून बसले. मी डोकं खाली घालून, बॅटरीच्या उजेडात पेडलकडं बघितलं. पेडलचं रबर नव्यासारखं होतं. मागच्या बाजूचा काळा रंग मात्र झिजून आत पांढरं लोखंड दिसत होतं, आणि त्या लोखंडावर, वरच्या कडेला, अर्धगोल ओरखडे होते, एकावर एक, पुष्कळ. जोडवी घासल्यावर फरशीवर उठतात तसले. काय दिसतंय, दाजींनी विचारलं. काही नाही म्हणालो आणि वर रंगाचा हात मारला.

घाटात नेऊन ब्रेक तपासला, गाडी दाजींनीच चालवली. पंप गुरगुरला, पेडल थरथरलं, गाडी सरळ थांबली. दाजींनी पाय तसाच ठेवून थोडा वेळ वाट बघितली. मग स्वतःशीच मान हलवली आणि घरी चल म्हणाले. आता त्यांना झोप लागते. जेवतातही दोन घास जास्त.

माझी स्वतःची गाडी चार वर्षांपूर्वी नवीकोरी घेतलेली आहे. तिच्यात मी कधी काही झोपवलं नाही. त्यानंतरच्या सोमवारी दुकानासमोर, सपाट रस्त्यावर, चालण्याच्या वेगानं येऊन ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं नाही. गाडी हळूहळू जाऊन पिंपळाच्या पाराला टेकली. सायकलवाला हसला. स्कॅनर लावला, एकही बिघाड दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मुलाची मोटरसायकल घेतली, तिचा पायाखालचा ब्रेकही तसाच, वर उचलून धरल्यासारखा. मुलानं चालवली तर व्यवस्थित. मी गाडी विकली, मोटरसायकल त्याला दिली.

आता मी चालत जातो. घरापासून दुकान पंधरा मिनिटांवर आहे. रविवारी दाजींकडं जेवायला जातो, तेही चालतच. ताटावर बसलं की मनात येतं, आज सांगावं, विसरलो नव्हतो म्हणून. दाजी आग्रहानं वाढतात. बरोबर आलेली माझी पोरं हसत असतात. मी घास घेतो.

गेल्या आठवड्यापासून उजवं पाऊल टाकायला वेळ लागतो आहे. डॉक्टरांना दाखवलं, गुडघा ठीक आहे, नस ठीक आहे. पाय खाली येतो, रस्ता अजून बोटभर लांब असतो, आणि माझ्या तळव्याला खालून एक तळवा लागतो.